देवांची चित्रे, घामाचे हात : ‘प्रेरणे’चा लपवलेला इतिहास

चित्रांच्या प्रदर्शनात, कलाशाळेच्या कट्ट्यावर किंवा फेसबुकवरच्या वादात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “कलावंताला देवदेवतांपासून, अध्यात्मापासून प्रेरणा मिळते. त्यात जात कुठे आली? तुम्ही आंबेडकरवादी लोक प्रत्येक ठिकाणी जात कशाला आणता?”

प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची चित्रे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. ती कुणीतरी, कुठेतरी, कुणाच्या तरी पैशाने काढली आहेत, हे त्याच्या मनातही येत नाही. त्याला वाटते, देव असेच दिसतात. म्हणून आम्ही या प्रश्नाला रागाने नव्हे, इतिहासाने उत्तर द्यायचे ठरवले आहे. त्यासाठी ज्याच्या चित्रांनी देशभरातल्या देवांना आजचा चेहरा दिला, त्या राजा रविवर्म्यापासूनच सुरुवात करू.

साडी नेसलेली देवी आणि त्रावणकोरची बाई

रविवर्मा १८४८ साली त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर येथे जन्मला. घराणे राजघराण्याशी नातेसंबंध असलेले. राजवाड्यात त्याला रंग मिळाले, तैलचित्रे पाहायला मिळाली, आश्रय मिळाला. त्याची प्रतिभा आम्ही नाकारत नाही. कापडाची घडी, दागिन्याची चमक, बाईच्या डोळ्यातले पाणी तो ज्या हाताने रंगवी, तो हात असामान्य होता. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला पारितोषिक मिळाले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही त्याच्या भारतीय स्त्रियांच्या चित्रांचा गौरव झाला.

पण त्याच त्रावणकोरचा दुसरा इतिहास कलेच्या पुस्तकात सापडत नाही. तिथे नाडर आणि इतर खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्या हक्कासाठी नाडर स्त्रियांनी अनेक दशके लढा दिला, मार खाल्ला, त्यांची वस्त्रे बाजारात फाडली गेली. शेवटी १८५९ साली, मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरचा दबाव आल्यावर, राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली. तीही अट घालून : उच्च जातीच्या बायका घेतात तसे वस्त्र घ्यायचे नाही! त्या वर्षी रविवर्मा अकरा वर्षांचा होता.

पुढे याच रविवर्म्याने देवींना साडी-चोळी नेसवली. त्याच्या लक्ष्मीच्या अंगावरचा पदर आज आपल्याला ‘भारतीय संस्कृती’ वाटतो. आमचा प्रश्न एवढाच आहे. चित्रातल्या देवीला जो पदर रंगाच्या एका फटकाऱ्यात मिळाला, तो त्याच भूमीतल्या कष्टकरी बाईला मिळायला इतकी वर्षे का लागली? आणि एका पदराची कथा कलेचा इतिहास ठरते, तर दुसऱ्या पदराची कथा त्याच इतिहासाबाहेर का राहते?

१८९३ हेच वर्ष पुन्हा पाहा. शिकागोत रविवर्म्याचा सन्मान होत होता आणि त्रावणकोरमध्ये अय्यनकाळी नावाचा पुलया तरुण बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून निघाला होता. त्याच्या जातीला त्या रस्त्यावर चालायची बंदी होती, गाडीत बसणे तर दूरच. एकाच संस्थानातून त्या वर्षी दोन गोष्टी निघाल्या, काही चित्रे आणि एक बैलगाडी. चित्रांना जगाने डोक्यावर घेतले आणि बैलगाडीला दगडधोंडे, काठ्या मिळाल्या.

बडोद्याचा राजवाडा आणि देवीला मिळालेला चेहरा

पौराणिक चित्रांना खरी गती मिळाली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रे करून घेतली. त्यासाठी रविवर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ राजराज वर्मा उत्तर हिंदुस्थानभर फिरले. देवदेवतांना शोभेल आणि सगळ्या प्रांतांना आपला वाटेल असा पोशाख त्यांना हवा होता. म्हणजे देवांचे रूप आकाशातून उतरले नाही. ते प्रवास करून, कापड पाहून, तुलना करून, आश्रयदात्याच्या पैशाने ठरवले गेले.

इथे आम्ही प्रामाणिक राहिले पाहिजे. हेच सयाजीराव महाराज १९१३ साली तरुण भीमरावाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवतात. त्यांचे ऋण आम्ही विसरत नाही. म्हणून पुराणकथा रंगवून घेणारा प्रत्येक जण आमचा शत्रू, असे आम्ही म्हणत नाही. इतिहास इतका सोपा नसतो. आश्रयाशिवाय कला उभी राहत नाही, एवढाच यातला धडा आहे. देवांच्या चित्रांनाही आश्रय लागला, पैसा लागला, योजना लागली. ‘प्रेरणा’ या एका शब्दाखाली हे सगळे झाकले जाते.

आणि चेहरा कुणाचा होता? मुंबईत रविवर्म्यासमोर ज्या स्त्रिया बसल्या, त्यांत गोव्याकडच्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांची नावे सांगितली जातात. थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. कलावंतीण, भाविणी, देवदासी म्हणून या समाजांतल्या स्त्रियांना देवळाशी बांधले गेले, त्यांच्या गळ्यातले गाणे सगळ्यांनी ऐकले, पण लग्नाच्या पंगतीत त्यांना मान नव्हता. ज्या बाईला समाज सभ्य मानायला तयार नव्हता, तिच्या रूपावरून रंगवलेल्या चित्राला तोच समाज हात जोडू लागला. चित्र देव्हाऱ्यात गेले आणि बाई देव्हाऱ्याबाहेरच राहिली.

देवाच्या नावाने बाईला वाहण्याची प्रथा थांबवायला मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा करावा लागला. आणि जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज यांच्यासमोर उभे राहिले. हे जिणे सोडा आणि स्वाभिमानाने जगा, असे त्यांनी त्यांना बजावले. बाबासाहेबांना त्या बाईत कुठली देवी दिसली नाही. त्यांना माणूस दिसला. हा फरक कलेच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

दगडावर छापलेला देव

तैलचित्र राजवाड्यात राहते. घराघरात जायला छापखाना लागतो. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत गिरगावला शिळाप्रेस उभारली. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. पुढे प्रेस लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेली आणि काही वर्षांत ती फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीची झाली. म्हणजे ज्या लक्ष्मीला आपण अस्सल सनातन समजतो, तिची लाखो रूपे जर्मन यंत्रांवर, जर्मन मालकाच्या कारखान्यात छापली गेली!

शिळाछपाईचे काम कसे चाले तेही पाहा. चुनखडीचा जड दगड घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट शाईने उलटे चित्र काढायचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे आणि केसभरही सरकू द्यायचे नाही. दगड उचलणारे, घासणारे, शाई लावणारे, कागद वाळवणारे हात किती असतील! चित्राखाली नाव मात्र रविवर्म्याचे. त्या कामगारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या बापजाद्यांनी गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत केलेल्या कामाचीही हीच गत झाली.

महाराष्ट्रात याआधीच एक छापखाना देवांची चित्रे छापत होता. पुण्याची चित्रशाळा. १८७८ साली ती सुरू करणाऱ्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. हे तेच निबंधमालाकार, ज्यांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि विचारांची टवाळी केली. आता दोन कामे शेजारी ठेवून पाहा. १८७३ साली जोतीराव ‘गुलामगिरी’ लिहितात. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन या अवतारांच्या कथा उलगडून ते दाखवतात की हा जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास आहे आणि बळीराजा आपला होता. पाच वर्षांनी त्याच पुण्यात चिपळूणकर मंडळी देवादिकांची आणि पेशवाईच्या कर्त्या पुरुषांची रंगीत चित्रे छापू लागतात.

जोतीरावांचे पुस्तक वाचायला अक्षर यावे लागत होते, आणि ते आपल्या लोकांना येऊ दिलेले नव्हते. चित्र पाहायला अक्षर लागत नाही. वामनावताराचे कॅलेंडर आठवा : बटू वामनाचा पाय बळीच्या डोक्यावर आणि बळी हात जोडून बसलेला. दिवाळीला आपल्या आयाबाया बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळत आल्या आणि भिंतीवर मात्र बळीला पाताळात गाडणारे चित्र टांगलेले. एवढी मोठी लढाई एका खिळ्यावर टांगलेल्या कागदाने जिंकली जात होती. ही नुसती आध्यात्मिक प्रेरणा होती, असे आम्ही कसे म्हणावे?

गाईच्या पोटातले चौऱ्याऐंशी देव

याच काळात एक चित्र फार गाजले. गाईच्या अंगात चौऱ्याऐंशी देवता दाखवलेले. गोरक्षणाच्या चळवळीने ते गावोगाव पोचवले. रविवर्मा प्रेसनेही ते छापले. एका अंगाला गाईचे दूध घेणारी माणसे आणि समोरून तलवार उगारून येणारा पशुमुखी राक्षस. तो राक्षस म्हणजे मुसलमान, असा अर्थ लोक लावतील, ही धास्ती इंग्रज सरकारलाही वाटली होती. चित्र किती दूर मार करते, हे तेव्हाच्या सरकारला कळत होते. आजच्या कलासमीक्षकांना का कळू नये?

आमचा प्रश्न त्या चित्राच्या बाहेरचा आहे. गाय जिवंत असेपर्यंत तिच्या अंगात चौऱ्याऐंशी देव. ती मेल्यावर ते देव कुठे जातात? कारण मेलेली गाय ओढायला कुणी पुजारी आला नाही. ती आमच्या बापजाद्यांनी ओढली, तिचे कातडे काढले, आणि त्याच कामासाठी ते अस्पृश्य ठरले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, ते या चित्राच्या न काढलेल्या अर्ध्या भागाला दिलेले उत्तर होते. देवांचे चित्रकार त्या अर्ध्या भागापर्यंत कधी आलेच नाहीत.

पडद्यावरचा राम आणि बंद दरवाजा

छापखान्यानंतर आला सिनेमा. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. रविवर्मा प्रेससाठीही त्यांनी काम केले होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. रविवर्म्याचे कागदावरचे देव आता हलू लागले.

हरिश्चंद्राच्या कथेतले सर्वांत मोठे दुःख कोणते? राजा सत्यासाठी राज्य देतो, बायको-मुलाला विकतो आणि शेवटी काशीच्या स्मशानात डोंबाच्या घरी राबतो. प्रेक्षक रडतात ते राजाला स्मशानात राबावे लागले म्हणून. पण त्या स्मशानात जो डोंब पिढ्यान्पिढ्या राबतो, त्याच्यासाठी त्या कथेत कुणी रडत नाही. राजाची ती परीक्षा होती. देव प्रसन्न झाले की संपणार होती. डोंबाचा मात्र तो जन्म होता.

फाळक्यांनी पुढे आपले काम नाशिकला हलवले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला, १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’. पडद्यावरच्या रामाचे दर्शन तिकीट काढणाऱ्या कुणालाही मिळत होते. आणि त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी हजारो स्त्री-पुरुष काळाराम मंदिरासमोर उभे राहिले, तेव्हा दरवाजे बंद झाले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी आपल्या सत्याग्रहींवर दगड पडले. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, दरवाजा उघडला नाही.

चित्र आणि सिनेमा यांनी देव सगळ्यांना दिला, म्हणून ही लोकशाहीच होती, असे काही विद्वान म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे, आम्ही ते नाकारत नाही. ज्याला देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही, त्याने बाजारातून चित्र आणून भिंतीवर लावले, तेव्हा पुजाऱ्याची मक्तेदारी एका बाजूने सैल झाली. पण ती कुठे सैल झाली ते पाहा. बाजारात झाली, गाभाऱ्यात नाही. देव विकत मिळाला, हक्क मिळाला नाही. पैसे घेताना कुणाची जात विचारली नाही आणि दार उघडताना मात्र विचारली!

बाबासाहेबांनी ही गोष्ट ओळखली होती. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी दादासाहेब गायकवाडांना स्पष्ट लिहिले की हा लढा लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हता. अस्पृश्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी होता. पुढच्या वर्षी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

भिंतीवरचे चित्र उतरवणे

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वस्त्यावस्त्यांत जे घडले, त्याला कलेच्या इतिहासात एक ओळही मिळालेली नाही. आपल्या आजी-आजोबांनी भिंतीवरचे देवांचे फोटो उतरवले. कुणी नदीत सोडले, कुणी विहिरीत. ते सोपे नव्हते. आजारी लेकरासाठी ज्या चित्रासमोर दिवा लावला, ते हाताने काढायचे होते. कोप होईल ही भीती पोटात होती. तरी त्यांनी ते काढले, त्याच खिळ्यावर बुद्ध आणि बाबासाहेब लावले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. कोप झाला नाही. शिळाप्रेसने साठ वर्षांत जे मनात बसवले होते, ते निरक्षर माणसांनी स्वतःच्या हाताने उतरवले. आमच्या मते हा विसाव्या शतकातला फार मोठा कलाविषयक निर्णय होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. देवांपासून प्रेरणा घेतलेली चित्रे ‘कला’ आणि आपली चित्रे ‘प्रचार’, ही वाटणी कुणी केली? नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस रंगवला, देवदासी रंगवली, मनूला रंगवले. पेशवाईतल्या त्या मडक्याची आणि झाडूची नोंद बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केलेली आहे. तो आपल्या देहावरचा इतिहास आहे. तो रंगवला की लोक म्हणतात, यात सौंदर्य कुठे आहे, यात फार राग आहे. आणि बळीच्या डोक्यावरचा पाय रंगवला तर त्यात भक्ती असते!

देवांचा अर्थ लावण्याचा हक्कही सगळ्यांना सारखा नाही. चित्रकाराने देवाला हवा तो चेहरा दिला, ती प्रतिभा ठरली. बाबासाहेबांनी ग्रंथांचेच आधार देऊन राम आणि कृष्ण यांच्याविषयी प्रश्न विचारले, तेव्हा काय झाले? १९८७ साली महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले आणि त्यावर वादळ उठले. ग्रंथ जाळला गेला, प्रकरण वगळण्याची मागणी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला तेव्हा कुठे बाबासाहेबांचे शब्द राहिले. रंगाने बोलणाऱ्याला स्वातंत्र्य आणि पुराव्याने बोलणाऱ्याला आग, हा न्याय आम्ही मान्य करायचा का?

आपल्या भिंतीकडेही पाहू

पण मित्रांनो, बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्या जयंतीच्या बॅनरकडे एकदा नीट पाहा. बाबासाहेबांच्या डोक्यामागे तेजोवलय. ढगांतून येणारे किरण. वरून फुले पडताहेत. हे कुठून आले? ते त्याच कॅलेंडरातून आले, जे आपल्या आजीने खिळ्यावरून उतरवले होते. चित्र बदलले, चौकट तीच राहिली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती माणसाला अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. ज्या माणसाने आयुष्यभर विभूतिपूजेला विरोध केला, त्याच्या डोक्यामागे आपण वलय रंगवतो. वलय रंगवले की प्रश्न विचारणारा माणूस मागे पडतो आणि उदबत्ती लावायची मूर्ती पुढे येते. ज्यांना आपण नको आहोत, त्यांना हेच हवे आहे. मूर्तीला हार घालता येतो, तिच्याशी वाद घालावा लागत नाही.

म्हणून कलाशाळेत शिकणाऱ्या, मोबाईलवर पोस्टर बनवणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. रविवर्मा जरूर पाहा. त्याचे तंत्र शिका, त्याची सावली, त्याचे कापड, त्याचे डोळे शिका. ज्ञानाला सोवळे नसते. पण त्याने ज्यांना चौकटीबाहेर ठेवले त्यांना आत आणा. दगड घासणारा कामगार काढा. छाती झाकण्यासाठी लढलेली नाडर बाई काढा. अय्यनकाळीची बैलगाडी काढा. काळारामच्या बंद दारासमोर उन्हात बसलेली म्हातारी काढा. खिळ्यावरून फोटो उतरवताना जिचा हात थरथरला आणि तरी थांबला नाही, ती आपली आजी काढा. आणि बाबासाहेब काढाल तेव्हा वलयाच्या जागी पुस्तकांचे कपाट काढा, रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा काढा.

पुढच्या वेळी कुणी विचारले, “कलेत जात कुठे आली?” तर त्याला एवढेच विचारा : तुझ्या भिंतीवरचे चित्र कुणी काढले, कुणाच्या पैशाने छापले, दगड कुणी उचलले, आणि त्या चित्रातल्या देवाच्या देवळात तो दगड उचलणारा जाऊ शकत होता का?

जय भीम!